वेताळ टेकडी : नेहमी जाणाऱ्यांनो, लिहा

पुणे शहरातला हा सर्वांत उंच माथा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. शहर ५६० च्या आसपास, म्हणजे खरा चढ सव्वादोनशे-अडीचशे मीटरचा. कुठल्या बाजूनं चढता ते वर टाकून नवख्यांच्या कामाचं तेवढंच लिहा. सूर्योदयाचं वर्णन नको!

कांचन गल्लीकडून
दम चढताना लागतो, पण पडतात ते उतरताना. दिवाळीनंतर मुरूम वाळला की हरभऱ्याएवढे खडे बुटाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. टाच रोवून थांबायला गेलं की माणूस हमखास बसतो. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, अख्खा तळवा टेकवायचा, आणि शक्य तिथं उघड्या कातळावर पाय द्यायचा. पावसाळ्यात हेच उलट: कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा खरखरीत मातीच बरी. तळाची नक्षी झिजलेले बूट घरीच ठेवा.

पाषाणकडून
ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकतं. सुती मोजे घालाल तर घरी येऊन तासभर कुसळं वेचत बसाल. कुसळाच्या टोकाशी मागे वळलेले केस असतात, त्यामुळे मागे ओढलं की ते जास्तच अडकतं. टोकाच्या दिशेनं पुढे ढकलून काढायचं. गुळगुळीत कापडाची ट्रॅकपँट घातली तर निम्मा त्रास वाचतो.

गोखलेनगरहून
वर पाणी मिळेल असं धरू नका. माणशी एक लिटर, एप्रिल-मेमध्ये दीड. जुन्या दगडखाणीतलं पाणी काठावरूनच बघा. सुरुंग लावून काढलेल्या खाणीला तळ्यासारखा उतार नसतो, एका पावलात खोल.

पौड रोडकडून
वळसा टाळून काढलेल्या सरळ वाटा बंद करा हो. पावसाचं पाणीही तीच वाट धरतं. माती वाहून ओघळ पडला की लोक त्याच्या कडेनं दुसरी वाट पाडतात, मग तिसरी. एका वळणाशी वाचतात जेमतेम दोन मिनिटं.

आणि फेब्रुवारीत ज्या गुलाबी फुलांखाली फोटो काढता ना, ते गिरिपुष्प. बाहेरून आणून लावलेलं झाड. शेंग तडकली की बी लांब उडतं, म्हणून ते इतकं माजलंय.

पुन्हा पाषाणकडून
कुत्रं पट्ट्यातच ठेवा. लांडोर जमिनीवर अंडी घालते, तीही ऐन पावसाळ्यात, गवतात. आणि दगड उलटून बसायची जागा करू नका, खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं.