मनुष्यबळ, सैन्यसंख्या की पट? ग्रीक आणि रोमन फौजांसाठी नेमका शब्द

प्रश्न

प्राचीन ग्रीक आणि रोमन सैन्यांच्या मनुष्यबळाची तुलना करणारा लेख लिहीत आहे. 'मनुष्यबळ' म्हटले की कचेरीतली नोकरभरती डोळ्यांपुढे येते. 'सैन्यबळ', 'सैन्यसंख्या', 'फौजफाटा' हेही सुचले. यांतला कोणताही वापरला तर चालेल, की अर्थात फरक पडतो? शिवाय हॉप्लाइट (ढाल-भाला घेऊन लढणारा ग्रीक पायदळी) आणि लीजन या रोमन पलटणीतला शिपाई यांना आपल्याकडचे जुने शब्द लावता येतील का?

प्रतिसाद

फरक पडतो, आणि या विषयात तर फारच पडतो. सैन्यसंख्या म्हणजे मोहिमेवर निघालेली किंवा रणात उभी राहिलेली माणसे. सैन्यबळात माणसांबरोबर घोडे, हत्ती, जहाजे, कवायत हे सगळे आले. फौजफाट्यात लवाजमा अभिप्रेत आहे, मोजमाप नाही. मनुष्यबळ म्हणजे बोलावणे धाडले तर येऊ शकतील अशी सगळी माणसे, मग ती आज नांगरामागे असोत की बाजारात. तुमच्या लेखात हा शब्द हवाच, फक्त सैन्यसंख्येच्या जागी तो घालू नका.

कारण सांगतो. इ.स.पू. २२५ मध्ये उत्तरेकडून गॉल टोळ्या चालून येत होत्या, तेव्हा रोमने इटलीतल्या आपल्या दोस्तांकडून शस्त्र धरण्याजोग्या पुरुषांच्या याद्या मागवल्या. पॉलिबियस या इतिहासकाराने त्यांची बेरीज दिली आहे : ७,००,०००हून अधिक पायदळ आणि ७०,०००च्या आसपास घोडदळ. त्यांपैकी खुद्द रोमन आणि कँपेनियाचे लोक २,५०,००० पायदळ आणि २३,००० घोडदळ, बाकीचे दोस्त. 'रोमची पावणेआठ लाखांची फौज' असे वाक्य यावरून कुणी लिहिले तर ते साफ चुकीचे ठरेल. ही फौज नव्हती, हा पट होता. शाळेमुळे 'पटसंख्या' हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, म्हणून या आकड्यासाठी मी बिनदिक्कत 'पट' वापरेन.

आता त्याच रोमची सैन्यसंख्या पाहा. पॉलिबियसच्याच वर्णनात एका लीजनमध्ये ४,२०० पायदळ आणि ३०० घोडदळ असे, संकटकाळी पायदळ ५,०००पर्यंत नेत. दर कॉन्सलकडे, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी प्रत्येकाकडे, साधारण दोन लीजन आणि जवळपास तेवढेच दोस्तांचे पायदळ. म्हणजे नेहमीच्या वर्षी रोमच्या पटावरचा अगदी थोडा भाग मोहिमेवर असे. बाकीचा पट उपयोगी पडला तो कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या वेळी. आल्प्स ओलांडून हॅनिबल इटलीत उतरला तेव्हा त्याच्याजवळ २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ उरले होते. हा आकडा त्याने स्वतः दक्षिण इटलीतल्या लाकिनियम येथे धातूच्या पत्र्यावर कोरून ठेवला होता, तो पॉलिबियसने पाहिला. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणात रोमने ८०,००० पायदळ उतरवले आणि ते जवळजवळ सगळे गमावले. रोमन इतिहासकार लिव्हीने मृतांचा आकडा पॉलिबियसपेक्षा कमी दिला आहे, तरी तोही ४८,०००च्या वर जातो. त्यानंतर रोमने ८,००० गुलाम सरकारी खर्चाने विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. आणि चार-पाच वर्षांत, लिव्हीच्या हिशेबाने, रोमचे २३ लीजन जमिनीवर होते.

कॅनीला सैन्यसंख्या संपली होती, मनुष्यबळ संपले नव्हते. हा फरक ज्या शब्दांनी दिसेल तेच शब्द लेखात वापरा.

प्रतिसाद

वरच्या विवेचनाशी सहमत आहे, पण ग्रीकांची बाजूही त्याच मापाने मोजायला हवी. ग्रीक म्हटले की फक्त हॉप्लाइट मोजायची सवय लागली आहे. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातले पेलोपोनेशियन युद्ध सुरू होताना अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने नगराची जी शक्ती लोकांपुढे मांडली ती इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवली आहे : रणात जाणारे १३,००० हॉप्लाइट, तटावर आणि ठाण्यांवर १६,०००, घोडदळ १,२००, तिरंदाज १,६००, आणि ३०० युद्धनौका. तटावरचे १६,००० म्हणजे सर्वांत म्हातारे, सर्वांत तरुण आणि अथेन्समध्ये वस्ती केलेले परके लोक. त्यांना 'राखीव दल' म्हणण्यापेक्षा 'शिबंदी' म्हणा, काम तेच होते.

पण खरा पट त्या ३०० नौकांवर होता. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांच्या युद्धनौकेवर, साधारण २०० माणसे लागत, त्यांतली १७० वल्हेकरी. सगळ्या नौका एकदम पाण्यात उतरवायच्या तर ६०,००० माणसे हवीत. एवढे लोक एकट्या अथेन्सच्या नागरिकांतून निघणे शक्य नव्हते, बेटांवरचे लोक पगारावर वल्ही मारत. तरी अथेन्सच्या गरीब नागरिकाची लष्करी सेवा मुख्यतः वल्ह्यावरच होई, आणि 'सैन्यसंख्या' लिहिताना तो हमखास गळतो. मला हा अन्याय वाटतो. सालामिसला इराणचे आरमार ज्यांनी मोडले ते तुमच्या तुलनेतून बाहेर राहता कामा नये.

इराणविरुद्धच्या प्लातियाच्या लढाईचेही तसेच. इ.स.पू. ४७९ मध्ये तिथे ३८,७०० हॉप्लाइट होते असे इतिहासकार हिरोडोटस सांगतो आणि आपण तेवढेच उचलतो. त्याची पूर्ण बेरीज १,१०,००० आहे. प्रत्येक स्पार्टनामागे सात हेलट धरून ५,००० स्पार्टनांबरोबर ३५,००० हेलट होते. ते नागरिक नव्हते, भूदास होते, पण माणसे होती आणि रणात होती.

प्रतिसाद

'ग्रीक फौजा लहान, रोमन मोठ्या' हे वाक्य मात्र लेखातून काढाच. अलेक्झांडरनंतरची राज्ये ग्रीकांत धरली तर इ.स.पू. २१७ मधली राफियाची लढाई पाहा. इजिप्तचा राजा टॉलेमी याच्याकडे ७०,००० पायदळ, ५,००० घोडदळ आणि ७३ हत्ती, सीरियाचा राजा अँटायोकस याच्याकडे ६२,००० पायदळ, ६,००० घोडदळ आणि १०२ हत्ती. कॅनीच्या आदल्याच वर्षी! म्हणजे रणातला जमाव रोमइतकाच होता. पुढच्या साली पुन्हा तेवढाच उभा करता येईल का, इथे रोमचे आणि या राज्यांचे रस्ते वेगळे होतात.

प्रतिसाद

हॉप्लाइट आणि लीजनमधल्या शिपायाबद्दल विचारले आहे. शिलेदार आणि बारगीर ही जोडी इथे कामाची आहे, जपून वापरली तर. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, बारगिराला ते सरकारातून मिळे. हॉप्लाइट ढाल, भाला, शिरस्त्राण स्वतःच्या खर्चाने आणी, तेव्हा तो वृत्तीने शिलेदार. अडचण एवढीच की तो पायी लढे आणि शिलेदार म्हटले की वाचकाला घोडा दिसतो. म्हणून 'स्वखर्चाने शस्त्र आणणारा हॉप्लाइट' असे सरळ लिहावे आणि शिलेदाराचा उल्लेख एकदाच, समजावण्यापुरता करावा.

रोमचा जुना शिपाईही तसाच होता. ठरावीक मालमत्ता असेल तरच त्याला पायदळात घेत. ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांना जनगणनेत नुसती डोकी म्हणून मोजत. इ.स.पू. १२३ मध्ये रोमन लोकनेता गायस ग्राकस याने शिपायाचे कपडे सरकारी खर्चातून द्यावेत आणि १७ वर्षांखालच्या मुलाला भरती करू नये असा कायदा केला. इ.स.पू. १०७ मध्ये कॉन्सल मारियसने त्या नुसत्या डोक्यांनाही लीजनमध्ये घेतले. त्यानंतरच्या शिपायाला बारगिराची कल्पना बरीच जवळची आहे. उलट रोमच्या मानकरी घोडेस्वारांच्या १८ शतकांना (सेंच्युरी नावाच्या गटांना) मात्र फार आधीपासून सरकारी घोडा मिळे, आणि तो मिळणे हा मान होता. आपल्याकडे शिलेदार बारगिरापेक्षा वरचा, तिथे सरकारी घोड्याचा स्वार वरचा. म्हणून हे शब्द थेट भाषांतर म्हणून बसवू नका.

'शतक'वरून आठवले. सेंच्युरीचे 'शतक' करायला हरकत नाही, पण साम्राज्यकाळात तिच्यात ८० माणसे असत. '१०० शिपायांची तुकडी' असा खुलासा करून संख्या फुगवू नका.

प्रतिसाद

एक शब्द कुणी घेतला नाही. माणसे कमी पडणे यासाठी ग्रीकांकडे स्वतंत्र शब्दच होता, ओलिगान्थ्रोपिया. ॲरिस्टॉटल तो स्पार्टाबद्दल वापरतो : जमीन १,५०० स्वार आणि ३०,००० हॉप्लाइट पोसू शकेल एवढी होती, पण माणसे १,०००ही उरली नाहीत, आणि एकच तडाखा त्या नगराला सोसला नाही. तो तडाखा म्हणजे इ.स.पू. ३७१ मधले ल्युक्ट्रा. तिथे ७०० स्पार्टन नागरिक लढले, त्यांतले ४०० पडले. मराठीत 'माणसांचा तुटवडा' म्हणा. 'लोकसंख्या घटली' म्हणू नका, कारण स्पार्टाच्या मुलखात हेलट भरपूर होते. घटले ते नागरिकांच्या सामायिक जेवणाच्या पंगतीची वर्गणी भरू शकणारे पूर्ण नागरिक; ती भरली तरच पूर्ण नागरिकत्व टिके. अथेन्सही इ.स.पू. ४५१ पासून आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिक मानत असे.

रोम नेमके उलटे करत होता, आणि हे एका ग्रीक राजाच्याच ध्यानात आले होते. मॅसिडोनियाचा पाचवा फिलिप लारिसा या शहराला नवे नागरिक करून घ्या म्हणून सांगत होता. शहराने त्यांची नावे नोंदवून पुन्हा खोडली. तेव्हा त्याने दुसरे पत्र धाडले, ते शिलालेखात टिकून आहे. रोमन लोक गुलामांनाही मुक्त करून नागरिकत्व देतात, त्यांना अधिकारपदांतही वाटा देतात, आणि अशाने त्यांनी जवळजवळ ७० ठिकाणी वसाहती वसवल्या आहेत, असे त्यात आहे. तपशील त्याने थोडा वाढवला असेल, पण मुद्दा बरोबर होता.

पुढे इ.स.पू. १९७ मध्ये रोमशी निर्णायक लढाई करायची वेळ आली तेव्हा याच फिलिपला १६ वर्षांची मुले आणि सेवा पुरी केलेले जुने शिपाई गोळा करावे लागले. किनोस्केफालीला त्याचे ८,००० पडले आणि ५,००० कैद झाले. त्यानंतर त्याने तहाची बोलणी सुरू केली. तुमच्या लेखात या फिलिपबद्दल लिहाल तेव्हा 'सैन्य हरले' एवढ्यावर थांबू नका, 'भरपाई करायला मनुष्यबळ उरले नाही' असे लिहा.