मंडणगड ते वेळास एसटी: खिडकी कुठल्या बाजूची धरू?

कोथरूडची_सई

आईला (वय ७६) मार्चमध्ये वेळासला कासवं बघायला न्यायचंय. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत असं मंडणगडपर्यंत माझ्या कारने जाऊ. पुढे मात्र एसटीच, अशी आईसाहेबांची अट आहे. लग्नानंतर एकदा ती वाटेतल्या, खाडीकाठच्या बाणकोटला कुणाच्या तरी मुंजीला गेली होती. "ती खाडी मला एसटीच्या खिडकीतूनच परत बघायचीये, तुझ्या एसीच्या काचेतून नाही." वर हेही, की तिला कारमध्ये मळमळतं आणि एसटीत मळमळत नाही. या मुद्द्यावर वाद घालून मी थकले आहे.

तर जाणकारांनी सांगावं: कुठली गाडी धरावी, कुठल्या बाजूला बसावं, आणि मार्चमध्ये आईला बसायला जागा मिळेल का?

चारचाकी

कार असताना एसटी कशाला? रस्ता थेट वेळासपर्यंत आहे. अर्धा दिवस वाचेल.

कोथरूडची_सई

दादा, प्रश्न परत वाचा. :)

डबलबेल

सईताई, नमस्कार. मी एसटीत कंडक्टर होतो. २००१ ला मंडणगड आगारात आलो आणि २०१९ ला तिथूनच निवृत्त झालो. वेळास लाइनवर रात्रीच्या किती वस्त्या केल्या त्याचा हिशेब नाही, म्हणून जरा लांबड लावतो.

आधी कामाचं. जाताना ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी, येताना दरवाजाच्या बाजूची. वेसवीला गाडी खाडीला लागते ती बाणकोटपर्यंत खाडी उजव्या हाताला ठेवून जाते. बाणकोटच्या किल्ल्याच्या डोंगराला वळसा घातला की समुद्र, तोही उजवीकडेच. मागच्या चाकावरची सीट नको आणि शेवटचा बाकडा तर मुळीच नको, तिथे माणूस बसत नाही, उडतो. आईंना पुढून तिसऱ्या-चौथ्या सीटवर बसवा, तोंडात आवळासुपारी द्या.

गाडीची वेळ मंडणगड स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, नेटवर फिरणाऱ्या वेळापत्रकाच्या फोटोवर जाऊ नका. जाताना दुपारची गाडी धरा, म्हणजे उजेडात खाडी दिसेल. येताना मात्र वस्तीची गाडी धरा, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला थांबून सकाळी परत निघते ती. ७५ च्या वर वय असल्याने आईंना प्रवास मोफत, आधार कार्ड जवळ ठेवा. शून्य रुपयाचं तिकीट निघतं, ते मागून घ्या, चेकिंग आलं तर प्रश्न नको. तुम्हाला अर्धं.

आता रस्त्याचं. मंडणगड सोडलं की आधी सगळा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. लाल माती, कातळ, जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), मार्चमध्ये काजूला लागलेली बोंडं. गाव रस्त्यावरून दिसत नाही, थांबा दिसतो, आणि थांब्यावर पिशवी घेऊन उभी असलेली एखादी बाई. तिला कुठे जायचं नसतं. पिशवीला चिठ्ठी बांधलेली असते: "बाणकोटला अमक्याच्या दुकानात द्या." नियमात हे बसत नाही. पण आत म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या असल्यावर नियम सांगणार कोण? मी माझ्या सीटखाली ठेवायचो.

मग उतार लागतो. हवा बदलते, मान चिकट होते, आणि एका वळणावर खाली एकदम पाणी. ही सावित्री. महाबळेश्वरला गोमुखातून पडते तीच. मुखाशी ती एवढी पसरते की पलीकडच्या बागमांडल्याची घरं काडेपेट्यांसारखी दिसतात. वेसवीला जेटी आहे, बागमांडल्याहून फेरीबोट येते. बोट लागताना दिसली की आम्ही गाडी धरून ठेवायचो. वेबिलावर, म्हणजे फेरीच्या नोंदीच्या कागदावर, काय लिहायचं ते नंतर बघू. खाडीत अर्धवट पुलाचे खांब दिसतील, त्यांचा सध्या उपयोग पाणकावळ्यांना.

सांगू की नको असं होतंय, पण आईंना खाडी बघायची आहे म्हणून सांगतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल याच सावित्रीच्या पुरात गेला, त्यात आमच्या दोन गाड्या होत्या. शोध पार खाडीपर्यंत चालला होता. त्या आठवड्यात माझी ड्युटी वेळासलाच होती. वेसवीपासून बाणकोटपर्यंत गाडीत कुणी बोलत नव्हतं, सगळे उजवीकडच्या पाण्याकडे बघत होते. पुढे निवृत्त होईपर्यंत तिथे पोचलो की माझा हात आपोआप जोडला जायचा.

वेळासला गाडी लावली की ड्रायव्हर टपावर झोपायचा, मी आत सीटवर. जेवण गावातल्या एका आजींकडे. पैसे कधी घेतले नाहीत, पण मंडणगडहून काय आणायचं ते ठणकावून सांगायच्या: चहापत्ती, टॉर्चचे सेल आणि कासवछाप अगरबत्ती. वेळासला कासव नेणारा कंडक्टर म्हणून ड्रायव्हरने माझी फार थट्टा केली.

कासवांचं म्हणाल तर पूर्वी अंडी सरसकट काढून न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन राखण सुरू केली, तेव्हा माझ्या गाडीतले लोक हसायचे: "आता कासवांची बारशी घालणार!" मग कासव महोत्सव आला आणि कॅमेरे गळ्यात अडकवलेली माणसं मलाच विचारायला लागली, कासवं किती वाजता येतात. जणू तीही आमच्याच आगारातून सुटतात.

जागेचं एकच: शिमग्याच्या आसपास येऊ नका. चाकरमानी उतरतात, पालख्या घरोघर फिरत असतात आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते. बाकी दिवशी आईंना जागा मिळेल. नाही मिळाली तर कंडक्टरला सांगा, तो कुणाला तरी उठवेल. आमच्या नोकरीत तेवढा एकच अधिकार होता.

नानांच्या_गावची

काका, कासवछाप! :D आमचं मूळ घर वेळासला (होय, नाना फडणवीसांचं गाव तेच), मी आता डोंबिवलीत. काकांच्या सांगण्यात थोडी भर घालते.

राहायची सोय गावातल्या घरांतच आहे, हॉटेल शोधू नका. खोली आधी फोन करून ठरवा आणि रोख पैसे जवळ ठेवा. घरातून किनाऱ्यापर्यंत बरंच चालावं लागतं, शेवटी सुरूच्या बनातून वाळूत. आईंना काठी असू दे.

किनाऱ्यावर जाळीच्या कुंपणात घरटी असतात. अंडी तिथे हलवून पुरतात, कारण उघड्यावर कोल्हे-कुत्रे उकरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर दोरीमागे उभं राहून बघायचं, नसली तर समुद्र बघून परत यायचं. फ्लॅश मारू नका आणि "एक हातात घेऊ का?" असं विचारूही नका.

अवांतर: २०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावून तिला सोडलं होतं, नाव प्रथमा. ती कुठवर पोचली हे माझी आजी रोज फोनवर विचारायची. माझी लोकल कुठवर पोचली हे तिने कधी विचारलं नाही.

कोथरूडची_सई

जाऊन आलो! डबलबेलकाकांनी सांगितलं तसंच केलं. शिमगा टाळला, जाताना दुपारची गाडी, ड्रायव्हरच्या बाजूची चौथी सीट. आईने आवळासुपारी साफ नाकारली. मळमळलं मलाच. आईने माझ्या हातात पिशवी दिली आणि एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

वेसवीला खाडी दिसली तेव्हा मी मोबाइल काढला, तर ती म्हणाली, "गप बस, बघू दे." बाणकोटपर्यंत ती खिडकीच्या गजाला धरून बसली होती, उतरल्यावर तळहात गंजाने लाल. मुंज कुठल्या घरी होती ते काही ओळखता आलं नाही. बाणकोटात गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबली आणि तिच्या आठवणीतली विहीर कुठे दिसली नाही. त्यावर ती रात्रभर कुरकुरत होती.

कासवं: पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली काही नाही. दुसऱ्या सकाळी तीन. एक पिल्लू तीनदा लाटेने परत आणून टाकलं. चौथ्यांदा गेलं तेव्हा आईने जोरात "हां!" केलं आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले.

परतीला तिसऱ्या दिवशीची वस्तीची गाडी. काका, तुम्ही माशांच्या पाट्यांबद्दल काही बोलला नव्हतात! बाणकोटला पाट्या चढल्या, त्यांच्यामागून पास दाखवत कॉलेजची पोरं. पाटीतलं बर्फाचं पाणी माझ्या बुटात. आई आणि पाटीवाल्या मावशी मंडणगडपर्यंत गुडघेदुखीवर बोलत होत्या.

त्या मावशींनी उतरताना आईच्या ओटीत ओल्या काजूच्या बिया टाकल्या, चांगल्या दोन ओंजळी. आता उसळ करायचीये. मी सुरीने दोन सोलल्या तर बोटं काळी पडली आणि चुरचुरतायत. कशा सोलतात?

डबलबेल

ताई, आधी थांबा! तो चीक आहे, कातडी सोलून काढतो. हाताला भरपूर खोबरेल तेल चोपडा, बी उभी चिरा, गर टोकदार काडीने काढा आणि कोमट पाण्यात टाका म्हणजे साल सुटेल. डोळ्याला हात लावू नका.

पाट्यांचं मुद्दामच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही कारने गेला असतात.