मदत हवी आहे : अण्णांच्या डिस्चार्ज बुकात श्रीलंकेच्या मेडलची नोंदच नाही

जुळेसोलापूरची :

नमस्कार. मी सोलापुरात राहते, वडील मोहोळ तालुक्यातल्या गावी. घरात फौजेतलं दुसरं कुणी नाही, म्हणून इथं विचारते. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, १९८३ ला भरती झाले आणि २००० साली नाईक म्हणून पेन्शनवर आले. सगळी नोकरी ड्रायव्हरकी. १९८८ च्या फेब्रुवारीत त्यांना मूळ युनिटमधून दुसऱ्या एका पलटणीला अटॅच करून श्रीलंकेला पाठवलं. ऑपरेशन पवन, शांतिसेना. मद्रासहून जहाजानं त्रिंकोमालीला आणि पुढं रस्त्यानं, ताफ्यात गाडी घेऊन. १४ महिने तिकडं होते. परत आले ते थेट मूळ युनिटमध्ये.

डिस्चार्ज बुकात मेडलं तीनच. सैन्य सेवा (जम्मू-काश्मीरचा क्लास्प, म्हणजे रिबनवरची नावाची पट्टी), नऊ वर्षांच्या सेवेचं आणि १९९७ चं स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं. श्रीलंकेचं नाही. त्या १४ महिन्यांत ते मूळ युनिटबरोबर देशातच होते असं कागद सांगतो.

इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. या २६ जानेवारीला गावच्या शाळेत माजी सैनिकांना बोलावलं, अण्णा कोटावर तीन मेडलं लावून गेले आणि पोरांना श्रीलंकेचं सांगितलं. खाली उतरल्यावर नुकत्याच निवृत्त झालेल्या एका जवानानं छातीकडं बघत विचारलं, "काका, पवनला होता तर ती रिबन कुठंय?" त्याच्या मनात वाईट नसेलही. पण त्या दिवसापासून कोट खुंटीला आहे.

मार्चमध्ये मी अर्ज टाईप करून घेतला, अण्णांची सही घेऊन त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवला. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं : सदर मेडल प्रदान केल्याची नोंद आढळत नाही. (कोअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) आता काय करू? परत अर्ज, माहितीचा अधिकार, का सरळ वकील? अण्णांना विचारलं तर म्हणतात, "सोड की गं. गेल्तो ते मला म्हाईत हाय. माझ्या गाडीतली दोघं तितंच राह्यली, त्यांचं काय?" यावर मला काही बोलता येत नाही. पण मला ही नोंद हवी आहे.

कडकभाकरी :

ताई, एवढा उपद्व्याप कशाला? मेडल दुकानात मिळतं की. दोनतीनशे रुपयांचं काम. आमच्या चुलत्यांनी सगळी तशीच घेतलीत, टेलर कॉपी म्हणतात.

जुळेसोलापूरची :

दादा, तुमच्या चुलत्यांच्या पुस्तकात नोंद असणार. मेडल वेळेवर आलं नाही म्हणून लोक टेलर कॉपी लावतात, ते मलाही कळलंय. आमच्याकडं नोंदच नाही. विकतचं लावून अण्णा उभे राहिले तर तो पोरगा बोलला ते खरं ठरेल.

भुईकोट :

मी हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो, निम्मी नोकरी याच कागदांत गेली. वकील आत्ता नको. आधी मला सांगा, अर्जात मेडलचं नाव काय लिहिलं होतं? जसंच्या तसं सांगा.

जुळेसोलापूरची :

"विशिष्ट सेवा मेडल (श्रीलंका)". टाईप करणाऱ्यानं लिहिलं आणि मी वाचून सही घेतली.

भुईकोट :

मग दोन ओळींचंच उत्तर येणार. विशिष्ट सेवा पदक म्हणजे व्हीएसएम. ते राष्ट्रपतींकडून जाहीर होतं, नावापुढं लावतात. तुम्हाला हवंय ते *विशेष* सेवा, म्हणजे स्पेशल सर्व्हिस मेडल, क्लास्प श्रीलंका. एका नाईकानं व्हीएसएम मागितल्यावर त्या बाबूनं चहा पिता पिता फाईल बंद केली असेल. नवीन अर्जात इंग्रजी नावच लिहा.

आता मुळाचं. फौजेत माणूस युनिटमध्ये आला, गेला, रजेवर गेला, लग्न झालं, पोर झालं, की युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं. ती रेकॉर्डला जाते आणि तिच्यावरून शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीचा नोंदपट, भरतात. ऑर्डर निघाली नाही तर ती गोष्ट घडलीच नाही. अटॅचमेंटवाल्यांचे हाल इथंच होतात. ज्या पलटणीबरोबर गेला ती म्हणते हा आमचा नाही, मूळ युनिट म्हणतं तिकडून काही आलंच नाही. त्यात ड्रायव्हर. ड्रायव्हर सगळ्यांचा असतो आणि कुणाचाच नसतो.

दुसरी शक्यता, नाव मेडल रोलवर, म्हणजे मेडल मिळणाऱ्यांच्या यादीत, आहे पण चुकीचं. वडिलांचं नाव काय ते इथं लिहू नका, पण इंग्रजीत अवघड जाणारं आहे का? आणि आर्मी नंबरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते सगळ्या कागदांवर एकच आहे का बघा.

जुळेसोलापूरची :

नाव 'ज्ञ' नं सुरू होतं.

भुईकोट :

घ्या! आपण 'डी-एन'नं लिहितो, यूपी-बिहारचा क्लार्क 'जी-वाय'नं. त्यांच्याकडं ज्ञ म्हणजे ग्य. मी स्वतः अशा किमान पाच जणांची वरात काढलेली आहे. जुना कुठला कागद असेल तर स्पेलिंग बघा : मूव्हमेंट ऑर्डर, रजेचा दाखला, काहीही.

माहितीचा_माणूस :

माहितीचा अधिकार वापराच, पण एक लक्षात ठेवा. अर्ज अण्णांच्या नावानं आणि त्यांच्याच सहीनं जाऊ द्या. मुलीनं मागितलं तर "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून परत येतं. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा किंवा ऑनलाइन भरा. "मेडल का दिलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा : शीट रोलची प्रत, फेब्रुवारी १९८८ ते एप्रिल १९८९ मधल्या त्यांच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर, आणि त्या पलटणीच्या मेडल रोलचं त्यांचं नाव असलेलं पान, दोन्ही स्पेलिंगनं शोधून. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

काही जणांना "२५ वर्षं झाली, कागद नष्ट केले" असं उत्तर येतं. लाँग रोल, म्हणजे जवानांच्या थोडक्यात नोंदींचं रजिस्टर, मात्र कायम ठेवतात, तो मागून घ्या. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे, पण तिथं जायचं ते इकडून शेवटचा नकार लेखी आल्यावर. त्यानंतर सहा महिन्यांची मुदत असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट आत्ताच काढू नका.

भुईकोट :

बरोबर सांगितलंय. जोडीला, त्या पलटणीतला कुणी जोडीदार शोधा, ज्याच्या पुस्तकात श्रीलंकेची नोंद आहे. त्याचं प्रतिज्ञापत्र आणि पुस्तकाची झेरॉक्स. घरची जुनी आंतरदेशीय पत्रं असतील तर फेकू नका, फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर नंबर आणि तारीख असते. आणि ताई, तुमचा जन्म कधीचा?

जुळेसोलापूरची :

सप्टेंबर १९८८. का हो?

भुईकोट :

मग तुमच्या जन्माचीही पार्ट टू ऑर्डर निघाली असणार. ती कुठल्या युनिटनं काढली, किंवा कुणाच्या कळवण्यावरून काढली, ते बघायचं. अटॅच पलटणीचं पत्र तिच्या मागं असेल तर ते मला शंभर प्रतिज्ञापत्रांपेक्षा भारी.

जुळेसोलापूरची :

रविवारी गावी जाऊन आले. आजीनं पत्रं पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, अकरा निघाली. जागेचं नाव कुठंच नाही, लिहायची बंदी होती म्हणे. शिक्के पाच पत्रांवर वाचता येतात.

मूव्हमेंट ऑर्डर सापडली नाही. पण अण्णांची काळी ट्रंक माळ्यावर आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. तिकडं असतानाच पलटणीच्या पेंटरनं रंगवलेलं. नंबरचं शेवटचं अक्षर बरोबर आहे. नाव 'जी'नं! इतकी वर्षं आम्ही त्या ट्रंकेत गोधड्या ठेवतोय. अण्णा म्हणाले, "त्यानं काढलं तसं काढलं. त्याला काय शिकवायचं?"

अर्ज लिहून झालाय. शीट रोल, लाँग रोल, मेडल रोल दोन्ही स्पेलिंगनं, आणि शेवटी वेगळ्या ओळीत माझ्या जन्माची ऑर्डर. ती ओळ वाचताना अण्णा थांबले. मी झाल्याचं त्यांना पत्रानं तीन आठवड्यांनी कळलं आणि मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आठ महिन्यांची होते, असं त्यांनी सांगितलं. हे मला आजवर माहीत नव्हतं. मग सही केली.

एकच शंका राहिली. दोन्ही स्पेलिंग एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आत्ताच जोडू, का रोलवर नाव सापडल्यावर?

भुईकोट :

सापडल्यावर. आणि ट्रंकेचा फोटो काढून ठेवा, रंग उडायच्या आत.