मदत हवी आहे: दारासमोरची खाट 'टाकलेली' आहे की 'ठेवलेली', हे अ‍ॅपला कसं कळावं?

नमस्कार मंडळी,

मी जळगावात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव अमळनेर तालुक्यातलं, आप्पा सुतारकाम करतात. प्रोजेक्ट म्हणून एक अ‍ॅप करतेय. लोकांनी काढून टाकलेलं, कुणालाही फुकट नेता येईल असं फर्निचर ते नकाशावर दाखवेल. कोड बऱ्यापैकी चालतोय. अडलंय ते दुसरीकडेच. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

मागच्या जूनमध्ये जळगावातल्या पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या खोलीतली मुलं शिक्षण संपवून निघाली. लोखंडी कॉट भंगारवाल्या भाऊंनी किलोवर तोलून नेली. प्लायवूडचं अभ्यासाचं टेबल आणि फळ्यांची मांडणी त्यांनी हात लावून पाहिली आणि तिथेच सोडली, कारण त्याला त्यांच्याकडे भाव नाही. घंटागाडीवाले म्हणाले, एवढं मोठं आम्ही घेत नाही. शेवटी मुलांनी ते टेबल कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन ठेवलं. चार दिवसांनी पाऊस पडला, प्लाय फुगली, पदर सुटले, संपलं. त्याच आठवड्यात तीन गल्ल्या सोडून राहणारी, चोपड्याकडून नव्यानं आलेली एक मुलगी फरशीवर बसून, बादली उलटी ठेवून तिच्यावर वही घेऊन लिहीत होती. तिला टेबल हवं होतं हे मला नंतर कळलं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "सांधे बरे होते का?" मी म्हटलं, बरे होते. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाहेरच्या देशांत हे कसं चालतं ते मी वाचून काढलं. न्यूयॉर्कमध्ये लोक नको असलेली खुर्ची, कपाट फुटपाथवर ठेवतात, आणि अशा वस्तूंचे फोटो पत्त्यासकट टाकणारं एक इन्स्टाग्राम खातं २०१९ पासून चालू आहे. जर्मनीत मोठ्या कचऱ्याला 'श्पेरम्युल' म्हणतात. बर्लिनमध्ये तर पुठ्ठ्यावर 'भेट द्यायची आहे' असं लिहून वस्तू दाराबाहेर ठेवायची रीतच आहे. अमेरिकेतल्या टूसान शहरात २००३ साली सुरू झालेलं 'फ्रीसायकल' आणि २०१३ चं 'बाय नथिंग' या दोन्ही चळवळी शेजाऱ्यानं शेजाऱ्याला फुकट देण्यावर उभ्या आहेत.

मी आधी त्याचीच नक्कल केली. रस्त्यानं जाणाऱ्यानं फोटो काढायचा, फोनमधून जागा आपोआप घ्यायची, नकाशावर टाचणी लागली की ज्याला हवं त्यानं जाऊन उचलायचं. एप्रिलमध्ये दोन वसाहतींत वीसेक जणांना वापरायला दिलं.

आठव्या दिवशी एका मित्रानं एका गल्लीतल्या खाटेचा फोटो टाकला. नवारीची, जुनी खाट, भिंतीला उभी टेकवलेली, आजूबाजूला कुणी नाही. संध्याकाळी दोन मुलं लोटगाडी घेऊन पोहोचली. घरातून एक आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हाई मनी खाट शे, भाऊ. उनमा टाकेल शे." ढेकणांसाठी त्यांनी खाट उन्हाला लावली होती. रात्री त्या त्याच खाटेवर अंगणात झोपतात. मुलं माफी मागून परत आली. मी दुसऱ्या दिवशी आजींकडे गेले. त्यांनी मला चहा पाजला, रागावल्या नाहीत, पण जाताना विचारलं, "आमनं घर उघडं दिसनं का तुमले?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच रात्री मी अ‍ॅप बंद केलं.

तेव्हा मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आपल्याकडे घराचा अर्धा संसार घराबाहेर असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा खाटा अंगणात आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जातात. वाळवणाला टेबल बाहेर येतं, लग्नाला शेजाऱ्यांच्या खुर्च्या गल्लीत लागतात. तिकडे न्यूयॉर्क-बर्लिनला रस्त्यावर आलेली वस्तू बहुतेक वेळा सोडलेली असते, कारण ती हलवायला पैसे आणि माणसं लागतात आणि दारावर येऊन विकत घेणारा कुणी नसतो. इकडे लोखंड, पत्रा, प्लास्टिक दारावरच विकलं जातं. मागे उरतं ते लाकूड आणि प्लाय, आणि ते रस्त्यावर येण्याआधी बरेच दिवस जिन्याखाली किंवा गच्चीवर पडून असतं. म्हणजे माझ्या अ‍ॅपनं रस्ते शोधून उपयोग नाही, त्यानं जिन्याखालचं शोधायला हवं, आणि तेही घरधन्याच्या तोंडून.

आता माझे प्रश्न.

सगळ्यात मोठा प्रश्न संमतीचा. वाटसरूनं फोटो टाकायची सोय पूर्ण काढून टाकू का? काढली तर मोकळ्या प्लॉटवर खरोखर टाकलेली टेबलं पुन्हा पावसात भिजणार. आप्पांनी एक तोडगा सुचवला. सुतार फळीवर सरळ रेघ मारायला गेरूत बुडवलेली दोरी वापरतात. तसाच देणाऱ्यानं वस्तूवर गेरूचा ठसठशीत पट्टा ओढायचा. फोटोत पट्टा दिसला तरच नोंद घ्यायची. गेरू ओल्या फडक्यानं निघतो, लाकूड खराब होत नाही, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही खूण कळते. मला हे फार आवडलंय. पण गेरू कुणीही कुणाच्याही वस्तूला लावू शकतो. यावर उपाय काय?

दुसरं, जागा किती नेमकी दाखवायची? 'आम्ही पाच तारखेला घर सोडतोय, कपाट न्या' हे वाचून चोरालाही घर रिकामं होणार हे कळतं. सध्या मी अक्षांश-रेखांश दशांशानंतर तीनच अंकांपर्यंत ठेवते, म्हणजे आपल्याकडे साधारण शंभर-एकशे दहा मीटरचा चौकोन दिसतो. नेमका पत्ता देणाऱ्यानं 'हो' म्हटल्यावरच जातो. आधी मी दर वेळी जागा यादृच्छिक सरकवत होते, पण कुणी तीच नोंद पन्नास वेळा उघडून सरासरी काढली तर खरं घर सापडतं, म्हणून ते सोडलं. फोटोत दडलेली जागेची माहितीही अपलोड करतानाच पुसते. एवढं पुरेसं आहे का? विशेषतः एकट्या राहणाऱ्या ताईंचं मत हवंय.

तिसरा प्रश्न निव्वळ तांत्रिक. जवळच्या वस्तू शोधायला मी सहा अक्षरी जिओहॅश वापरते, म्हणजे नकाशाचे आयताकृती कप्पे पाडून प्रत्येकाला अक्षर-अंकांचं एक नाव देणारी पद्धत. त्याचा एक कप्पा आपल्याकडे साधारण साडेअकराशे मीटर बाय सहाशे मीटरचा. कप्प्याच्या कडेला राहणाऱ्याला समोरच्या फुटपाथवरची वस्तू दिसतच नाही. काय चुकतंय?

नोंद किती वेळ ठेवावी तेही सांगा. मी चोवीस तास धरलेत. पावसाळ्यात भुशाच्या बोर्डाचं काही असेल तर एक रात्रही जास्त होते.

गाद्या, सोफे आणि कापडी खुर्च्या मी घेणारच नाही, हे ठरलंय. ढेकूण. न्यूयॉर्कातसुद्धा गादी टाकताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करूनच टाकावी लागते.

'व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढ की' असं बरेच जण म्हणतील. ग्रुप मी केला होता. तिसऱ्या दिवशी वस्तू सुप्रभातच्या फुलांखाली गाडल्या गेल्या, आणि देणाऱ्याचा नंबर दोनशे लोकांकडे गेला.

प्रतिसाद १

ताई, तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. फक्त आपला कप्पा विचारू नका. आपला आणि भोवतालचे आठ, असे नऊ कप्पे मागवा, मग प्रत्येक वस्तूचं खरं अंतर मोजून जवळचं वर लावा. जिओहॅश वापरणारे बहुतेक असंच करतात. दुसरं म्हणजे नकाशाच्या टाइल्स (ज्या चौकोनी चित्रांनी नकाशा जोडला जातो ती) थेट ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या सर्व्हरवरून घेत असाल तर वापर वाढल्यावर ते चालणार नाही, तो सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि त्यांचे नियम आहेत. आणि नकाशाच्या खाली 'जवळची खूण' असा एक रकाना हवाच. आपल्याकडे पत्ता म्हणजे मारुतीचं मंदिर आणि त्याच्या मागची पाण्याची टाकी.

गेरूबद्दल: खूण आणि फोन, दोन्ही लागू द्या. अ‍ॅपनं देणाऱ्याला एक आकडा द्यावा, त्यानं पट्ट्याशेजारी तोच गेरूनं लिहावा आणि मग फोटो काढावा. दुसऱ्याच्या खाटेवर आकडा लिहायला माणसाला दारात उभं राहावं लागेल, आणि त्या आकड्याला त्याचाच नंबर जोडलेला असेल.

प्रतिसाद २

बेटा, मी भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये बत्तीस वर्षं काढली. आमच्याकडे बदलीची ऑर्डर आली की आठ दिवसांत घर आवरायचं. दिवाण, शोकेस, लाकडी पाट सगळं मागे राहतं. रस्त्यावर कुणी ठेवत नाही, शेजारणीला सांगून ठेवतात, 'कुणी गरजू आलं तर देऊन टाका.' तुझ्या अ‍ॅपमध्ये त्या शेजारणीला जागा दे. घेणारा दारात आल्यावर कुणीतरी ओळखीचं उभं असलं की देणाऱ्याला धीर येतो आणि घेणाऱ्यालाही फुकट उचलल्यासारखं वाटत नाही. आणि नोंदीत कितवा मजला आणि किती माणसं लागतील ते विचार. आमचा दिवाण तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला चार जण लागले होते. फुकटचा दिवाण, पण छोटा हत्ती टेम्पोचं भाडं आणि हमालीच भारी पडली.

माझं उत्तर

दादा, नऊ कप्प्यांचं करून पाहिलं, समोरच्या फुटपाथवरची खुर्ची आता दिसते. मनापासून आभार. आकड्याची कल्पनाही घेतेय. मोकळ्या प्लॉटवरच्या वस्तूंसाठी वाटसरूचा फोटो राहील, पण तो नकाशावर जाणार नाही, आधी त्या गल्लीतल्या कुणीतरी 'हे कुणाचं नाही' असं म्हणावं लागेल.

काकू, शेजारणीचं तुम्ही म्हणालात ते मला सुचलंच नव्हतं. प्रत्येक वसाहतीत एक 'राखणदार' असं खातं जोडते, नोंद त्यांच्या होकाराशिवाय दिसणार नाही. तुमच्या वसाहतीत अजून कुणी ओळखीचं असेल तर मी रविवारी सकाळच्या गाडीनं येऊ शकते, आप्पाही गेरू आणि दोरी घेऊन येतो म्हणालेत. कुणाचं दार आधी वाजवायचं तेवढं सांगाल का?

जागेच्या नेमकेपणाबद्दल अजून कुणी बोललेलं नाही. शंभर मीटर पुरेसे आहेत का, त्यावर कृपया लिहा.