गिअरबॉक्सचं ऑईल दुधाळ झालंय, नुसतं वरून भरू का सगळं काढू?

वाळव्याचा ऊसवाला:
राम राम मंडळी. आमचा 35 एचपीचा ट्रॅक्टर 1997 चा, आण्णांनी घेतलेला, इंजिन एकदाच खोललंय बाकी अजून कामाला पक्का आहे. ह्याला गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) आणि लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी) तिन्हीला मिळून एकच ऑईल आहे. जुलैमध्ये शिराळ्याला पाहुण्यांकडं भाताच्या चिखलणीला आठ दिवस दिला होता, तिथनं आल्यापासनं लिफ्ट नीट उचलंना, रोटर (रोटाव्हेटर) जोडला की सकाळी पहिल्यांदा जागचा हलत नाय, दहा मिनिटं रेसवर ठेवला की मग थरथरत वर जातो. काल ऑईल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑईल खालच्या खुणेच्या पण खाली आणि रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा, बोटावर घेतलं तर बुळबुळीत लागतच नाय. खाली जमिनीवर मोठा डाग पण कुठं नाय, मग ऑईल गेलं कुठं? दुकानदार म्हणतोय 90 नंबरचं गिअर ऑईल पाच लिटर वरून टाका, काय होत नाय. पुढच्या महिन्यात ऊस वाहतूक चालू होणार, त्यावेळी मधेच बंद पडला तर परवडणार नाय. आण्णांचा पण लई जीव आहे त्याच्यावर. काय करू सांगा.

कराडचा फिटर:
दादा आधी एक काम करा, पाच लिटर आणूच नका. दुधाळ ऑईल म्हंजे आत पाणी गेलंय, त्याच्यावर नवीन टाकलं तर नवीन पण दोन दिवसात तसलंच होणार आणि पैसे पाण्यात. खात्री करायची असली तर जुन्या पळीत चार थेंब घेऊन खालनं तापवा, तडतडलं की पाणी आहेच. पाण्यानं बेअरिंग गंजतात, पंप नीट ओढत नाही, आणि एवढ्या जुन्या ट्रॅक्टरचे गिअर मिळायला किती फिरावं लागतं ते तुम्हाला माहितच असेल.

आता मोजायचं कसं ते सांगतो कारण निम्मी लोकं इथंच चुकतात. ट्रॅक्टर सपाट जागेवर लावा, शेताच्या बांधावर नाही. लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडा, कारण हात वर असले की बरंच ऑईल लिफ्टच्या सिलेंडरात अडकून राहतं आणि पट्टी कमी दाखवते, मग माणूस जास्त भरतो. इंजिन बंद करून पंधरा वीस मिनिटं थांबा, पट्टी एकदा पुसून परत घाला, मग बघा. पट्टी आट्याची असली तर आटे पिळून मोजायचं का नुसती टेकवून, हे पुस्तकात दिलेलं असतं, दोन्हीत फरक येतो.

पाणी कुठनं गेलं तर पहिलं गिअरच्या दांड्याचं रबर बघा, चिरलेलं असणार. चिखलणीत चाकाचं पाणी वर उडतं, वरनं घरी आणून प्रेशरनं धुतला असणार, ते सगळं दांड्याच्या कडेनं आत उतरतं. ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा आतबाहेर जायचं तोंड) चिखलानं बुजलाय का ते पण बघा. ब्रीदर बुजला की हवेला रस्ता उरत नाही, मग गरम झाल्यावर ऑईल सीलमधनं बाहेर दाबलं जातं आणि गार होताना आत ओढ बसून पाणी खेचलं जातं.

आणि ऑईल कमी का झालं ह्यासाठी मला दोन गोष्टी सांगा. उलटणारी ट्रॉली लावता का? आणि क्लच हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या डब्याच्या) बुडाला छोटं भोक असतं, त्यात पिन असते, तिथनं काय गळतंय का? काळं आलं तर इंजिनच्या मागच्या सीलचं, पिवळं किंवा दुधाळ आलं तर गिअरबॉक्सच्या सीलचं. ते क्लच प्लेटवर गेलं की प्लेट घसरायला लागते.

वाळव्याचा ऊसवाला:
पळीत तडतडलं हो, अगदी फोडणीसारखं. भोकाची पिन कोरडीच आहे. रबर तुम्ही म्हणला तसं बुडापाशी अर्धं फाटलंय, मॅट खाली होतं म्हणून कधी दिसलंच नाय. आणि ट्रॉली हाय, शेजाऱ्यांची उलटणारी ट्रॉली शेणखत टाकायला आणली होती, ती आठ दहा दिवस लावली होती.

कराडचा फिटर:
मग तेच. ट्रॉलीचा जॅक तुमच्याच ट्रॅक्टरचं ऑईल ओढतो. वर असताना किंवा अर्धी खाली असताना पाइप काढला तर तेवढं ऑईल ट्रॉलीतच राहतं, आणि त्या ट्रॉलीत आधी दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरचं काय ऑईल होतं ते तुमच्यात येतं. दुसऱ्याची ट्रॉली लावली की काढताना पूर्ण खाली बसवायची आणि लगेच पट्टी बघायची.

पलूसकर:
पाण्याचं आम्हाला विचारा. 2019 च्या ऑगस्टच्या महापुरात भिलवडीकडच्या आमच्या भावकीचे दोन ट्रॅक्टर सीटपर्यंत पाण्यात होते. एकाचं लगेच सगळं ऑईल काढून डिझेलनं धुवून घेतलं, तो आजपण चालतोय, दुसऱ्याला सोयाबीनची गडबड म्हणून महिनाभर तसाच ठेवला, त्याची बेअरिंगं गेली. तुम्ही पण दहा लिटर डिझेल टाकून जरा फिरवा आणि सोडून द्या.

कराडचा फिटर:
पुराचं वेगळं होतं, तेव्हा गाळ बसला होता. पण ह्यांना मी डिझेल सांगणार नाही. डिझेल कोपऱ्याकापऱ्यात राहतं आणि नवीन ऑईल पातळ करतं, आणि डिझेलवर गिअर फिरवणं म्हंजे कोरडेच फिरवल्यासारखं. त्यापेक्षा त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑईल लिफ्टचा पंप ओढेल इतकं भरून लोड न देता अर्धा तास चालवा, लिफ्ट वरखाली करा आणि गरम असताना सोडून द्या. खर्च वाढतो मान्य आहे, पण ऑईल एकदमच दुधाळ असलं तर हेच करावं.

काढताना घाई करू नका. रात्रभर ट्रॅक्टर हलवू नका, पाणी जड असतं म्हणून खाली बसतं. सकाळी चाकाला दगड लावून ड्रेन नट हळूच ढिला करा, आधी पाणीच येईल. ते थांबलं की नट परत पिळा, अर्धा तास चालवून गरम करा आणि मग सगळं सोडा, गरम ऑईल घाण घेऊन येतं. गिअरबॉक्सला एक आणि मागं वेगळा असे नट असतात, सगळे शोधून काढा, एखादा राहिला तर काही लिटर जुनं आतच. नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर करड्या पेस्टसारखा थर असतोच, त्याला घाबरू नका, पण नखात धरता येईल असा तुकडा आला तर भरू नका, मला फोटो टाका. पंपाची जाळी पण काढून धुवा, लिफ्ट थरथरायचं मुख्य कारण तीच असणार.

कोरेगावचा भाऊ:
ऑईलच्या नंबरावरनं मी पण फसलोय म्हणून सांगतो. कॅनवर नुसतं 90 बघू नका, जीएल-4 आहे का जीएल-5 (गिअर ऑईलचे प्रकार) ते बघा. जीएल-5 मधली रसायनं पितळेच्या बुशना चालत नाहीत, जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळ बरंच असतं. आणि एकच ऑईल लिफ्टला पण असेल तर जाड गिअर ऑईल थंडीत पंपाला ओढत नाही, तिथं ट्रॅक्टरसाठीच येणारं ट्रान्समिशन-हायड्रॉलिकचं ऑईल लागतं. ब्रेक ऑईलमध्ये बुडणारे असतील तर नक्कीच तेच. पुस्तकात ग्रेड दिलाय तोच घ्या. आणि सुटं घेऊ नका, सीलबंद बादली घ्या.

वाळव्याचा ऊसवाला:
काल केलं. नट ढिला केल्यावर आधी अडीच लिटर तरी गढूळ पाणी आलं, मला बघून धडकीच भरली. जाळी काढली तर चिखल आणि भाताच्या मुळ्यांसारखी काडी चिकटलेली, पेट्रोलनं धुतली. तुकडा काय नाय आला, नुसती पेस्ट. स्वस्त ऑईलनं एकदा धुतला, मग पुस्तकातल्या ग्रेडचं 32 लिटर भरलं, आधी 28 टाकून चालू केला, लिफ्ट दहा बारा वेळा वरखाली केली, परत बंद करून थांबून मोजलं आणि मग थोडं थोडं टाकत वरच्या खुणेला आणलं. रबर नवीन बसवलं, वर ग्रीस लावून. आज सकाळी रोटर जोडला आणि पहिल्याच झटक्यात उचलला! आण्णा जवळ उभे होते, काय बोलले नाहीत, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

एकच राहिलंय, डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं ड्रमखाली ओल दिसतीय. जास्त भरलं गेलं असंल का?

कराडचा फिटर:
आधी थंड असताना पट्टी बघा, वरच्या खुणेच्या वर असेल तर तेवढं काढा. खुणेवर असूनही ओल आली तर हाफ शाफ्टचं (मागचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) सील आहे, ते ब्रेकवर जातं, डावा ब्रेक लागणार नाही आणि ट्रॉलीसकट गाडी उजवीकडं ओढेल. ऊस भरायच्या आधी ते बदलाच, तोवर रस्त्यावर लोड घेऊन जाऊ नका.