ब्लूज, कंट्री, रॉक अँड रोल: कॉर्ड्स त्याच, मग वेगळं काय वाजतं?

सहातारी
गिटारवर ई, ए, बी या तीनच कॉर्ड्सवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) ब्लूज वाजतं, जुनं कंट्री वाजतं आणि रॉक अँड रोलही. मग फरक नेमका कुठे? की मुळात सगळं एकच?

उजवाहात
फरक उजव्या हातात. आधी ब्लूजचा बारा बारचा साचा पक्का करा (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट, सेव्हन म्हणजे त्याच कॉर्डमध्ये एक जादा सूर): ई सेव्हन ४ बार, ए सेव्हन २, ई सेव्हन २, बी सेव्हन १, ए सेव्हन १, ई सेव्हन २. दर बारला चार ठोके. घोळ हमखास पहिल्या चार बारमध्ये होतो. कॉर्ड बदलत नाही म्हणून मोजणं सुटतं आणि ए आधीच येतो.

ब्लूजच्या शफलसाठी, म्हणजे झुलत्या लयीसाठी, ठोक्याचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला गाळा. कंट्रीसाठी पहिल्या ठोक्याला सहावी (सर्वांत जाड) तार मोकळी, तिसऱ्याला पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी), दुसऱ्या-चौथ्याला बारीक तारांवर झटका. रॉक अँड रोलवाल्या चक बेरीच्या चालीसाठी ठोक्याचे सरळ दोन भाग: सहावी मोकळी आणि पाचवी एकदम छेडा, पाचवीवर दुसरा फ्रेट दोनदा, मग चौथा दोनदा.

कोमल_गंधार
एक सूर राहिला. ब्लूजचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट धरून तार किंचित ढकला. पूर्ण एका फ्रेटाइतकी ढकललीत तर शुद्ध गंधार लागतो आणि मजा गेली. पेटीवर शोधू नका, तिथे त्याला पट्टीच नाही.

जुनी_तबकडी
"मुळात एकच" म्हणायची घाई नको. पण भिंत घातली ती रेकॉर्ड कंपन्यांनी: अमेरिकेत १९२० च्या दशकात काळ्या कलाकारांच्या तबकड्या 'रेस' (वंश) यादीत, दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या 'हिलबिली' (डोंगराळ खेडूत) यादीत. वाजवणारे एकमेकांचं ऐकतच होते. कंट्रीचा आद्य तारा जिमी रॉजर्स १९२७ च्या 'ब्लू योडल'मध्ये चक्क ब्लूजच्या साच्यात गातो. १९३० च्या नवव्या 'ब्लू योडल'वर ट्रम्पेट जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगचा आहे. उलटंही झालं. चक बेरीचं 'मेबलीन' (१९५५) 'आयडा रेड' या फिडलवरच्या (व्हायोलिनवरच्या) जुन्या गाण्यातून निघालं. एल्विस प्रेस्लीच्या १९५४ च्या पहिल्या तबकडीवर एका बाजूला आर्थर क्रूडपचं ब्लूज, दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास (कंट्रीची बँजो-फिडलवाली शाखा), तेही तीन ठोक्यांचं उचलून चारात बसवलेलं.

उजवाहात
बरोबर. फक्त आयरिश-स्कॉटिश वळणाच्या फिडलच्या चाली बारा बारमध्ये कोंबू नका. त्या बहुधा आठ-आठ बारच्या दोन भागांत असतात, प्रत्येक भाग दोनदा. त्यांच्या साथीला बसलेला बँजो मात्र मुळात पश्चिम आफ्रिकेच्या वाद्यांच्या घराण्यातला.