३२ बिट संगणकासाठी लिनक्सची सीडी कुठे मिळेल?

मदत हवी आहे. वडिलांचा जुना पेंटियम ४ संगणक पुन्हा वापरात आणायचाय. रॅम ५१२ एमबी, प्रोसेसर ३२ बिट, ड्राइव्ह फक्त सीडी वाचतो आणि बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पेनड्राइव्हवरून बूट करायचा, म्हणजे संगणक सुरू करायचा, पर्यायच नाही. म्हणजे लिनक्सची इमेज (सीडीवर टाकायची फाइल) सीडीत मावेल अशी, ७०० एमबीच्या आत हवी.

उबंटू या लिनक्सच्या सीडी पूर्वी फुकट घरपोच यायच्या, ती सोय २०११ मध्ये बंद झाली. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीत तर ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही! माझ्या लॅपटॉपला सीडी रायटरही नाही.

अँटीएक्स किंवा पपी लिनक्स (जुन्या मशीनवर चालणारी हलकी लिनक्स) यांची सीडी कोणी बर्न करून पाठवेल का? सगळा खर्च मी देईन. नाहीतर, त्या जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी अजून चालतं. त्यातून प्लॉप बूट मॅनेजर (बायॉसमध्ये सोय नसली तरी पेनड्राइव्हवरून बूट करू देणारा प्रोग्रॅम) टाकून कोणी पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलंय का? मशीन धडधाकट आहे, भंगारात द्यायला मन धजत नाही.